सिरोंच्याहून नागपूर, एका चिठ्ठीसाठी

सिरोंचा ते गडचिरोली २०० किलोमीटरहून अधिक, तिथून नागपूर आणखी सुमारे १७०. सांधे सुजलेल्या माणसाने हा रस्ता एसटीने दर दोन महिन्यांनी करायचा. आदल्या दिवशी निघायचे, रात्र कुणा नातेवाइकाकडे काढायची, सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे. दुपारी कधीतरी नंबर लागतो. डॉक्टर बोटांचे सांधे दाबून पाहतात, रक्ताच्या रिपोर्टवर नजर टाकतात आणि लिहितात, ‘हेच चालू ठेवा, दोन महिन्यांनी दाखवा.’ रुग्णाचे दोन दिवस गेले, सोबत आलेल्याचे दोन दिवस गेले, दोघांची मजुरी बुडाली. धडगावची माणसे सुरतेला जातात, सावंतवाडीची गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात, सिरोंच्यातली बरीचशी गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात. रस्ते वेगळे असले तरी फेरी हीच.

या फेरीत तज्ज्ञाचे ज्ञान नेमके कुठे लागले? बहुतेक वेळा कुठेच नाही. संधिवाताचा तज्ज्ञ लागतो रोग ओळखायला, पहिले औषध ठरवायला आणि औषध लागू पडत नसेल तर ते बदलायला. मधली सारी कामे म्हणजे रक्त तपासणे, सुजलेले सांधे मोजणे, गोळ्या देणे, तोंड आले का, ताप आला का हे विचारणे. ही तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात व्हायला हवीत आणि होऊ शकतात. तरीही दर वेळी मागणी होते ती ‘प्रत्येक जिल्ह्यात संधिवाततज्ज्ञ नेमा’ अशी. मागणी चुकीची नाही. पण एमबीबीएस, एमडी आणि त्यावर तीन वर्षांचे डीएम केलेला माणूस बदलीच्या आदेशाने गडचिरोलीत टिकणार नाही. तिथे फिजिशियनच्याच जागा भरताना दमछाक होते. तज्ज्ञ येईपर्यंत वाट पाहायची म्हटले तर तोवर बोटे वाकडी होतात. म्हणून भांडायचे असेल तर तज्ज्ञाच्या नेमणुकीआधी त्या मधल्या कामांसाठी भांडायला हवे.

अडचण मुळात शब्दापासून सुरू होते. आपल्याकडे ‘वात’ हे एक मोठे गाठोडे आहे. सत्तरीतल्या आजीचा झिजलेला गुडघा वात, चिकुनगुन्यानंतर सहा महिने राहिलेली दुखणी वात, अंगठा लालभडक होणारा गाऊट वात, आणि तीस वर्षांच्या बाईची दोन्ही मनगटे सुजली तर तोही वातच. या गाठोड्यात खऱ्या संधिवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे रुग्ण थोडे असतात. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. सांधे-स्नायूंच्या तक्रारी असलेले लोक प्रौढांत सुमारे १८ टक्के निघाले, ऱ्हुमॅटॉइडचे सुमारे अर्धा टक्का. साधारण पस्तिसांत एक. तो एक वेळेत निवडून काढणे हे काम नागपूरला होत नाही, गावातच व्हावे लागते. महाराष्ट्रात चिकुनगुन्याने हे काम आणखी अवघड केले आहे. १९७३ मध्ये बार्शीत साथ आली, २००६ मध्ये तर निम्म्या राज्यात. त्यानंतर कुणाचेही सांधे सुजले की ‘चिकुनगुन्याचं आहे, जाईल हळूहळू’ असे सांगायची सवय लागली. बहुतेकांचे जातेही. ज्यांचे तीन महिन्यांनंतरही सुजलेले राहते, त्यांना मात्र कुणी पुन्हा पाहत नाही.

वेळ का महत्त्वाची? या आजारात सांध्याच्या आतले आवरण सुजते आणि ती सूज शेजारचे हाड कुरतडते. कुरतडलेले हाड परत भरत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी की सूज सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचावा आणि तीन महिन्यांत रोगाला आवर घालणारे औषध सुरू व्हावे. आपल्याकडे तीन महिने तर तेल चोळण्यात जातात.

ओळखायच्या खुणांना मशीन लागत नाही. सकाळी उठल्यावर सांधे अर्धा-पाऊण तासाहून जास्त आखडलेले राहणे. काम करत गेले की दुखणे कमी होणे. झिजेच्या गुडघ्याचे उलटे असते, तो कामाने दुखतो. हाताच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंनी सूज, पण नखाजवळचे टोकाचे सांधे बहुधा मोकळे. मूठ पूर्ण न वळणे. हस्तांदोलन केल्यासारखे चारही बोटांच्या मुळाशी हलके दाबले तर कळ येणे. आशाताईने बाईला तीन प्रश्न विचारले तरी पुरे: भाकरी थापता येते का, ओले कपडे पिळता येतात का, बांगड्या चढतात का? तिन्हीला ‘सकाळी नाही, दुपारी येतं’ असे उत्तर आले आणि सहा आठवडे झाले असतील, तर तिला पुढे पाठवायचे. तरुण पुरुषांत वेगळी खूण पाहायची. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी, जी पहाटे झोपेतून उठवते आणि चालल्यावर कमी होते, ती मणक्याच्या संधिवाताची असू शकते. ‘गॅप आहे’, ‘नस दबली’ असे म्हणत अशा पोरांची वर्षे जातात. त्यातल्या एखाद्याचा डोळा मधूनच लाल होऊन दुखतो, आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे कंबरेचा विषय निघत नाही.

यानंतर रक्ततपासणीचा घोळ. तालुक्याच्या लॅबमध्ये ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाचे पॅकेज मिळते. त्यात आरए फॅक्टर, एएसओ, युरिक अॅसिड आणि बरेच काही असते. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाही, असे होत नाही. पाच रुग्णांत एखाद्याचा, कधी त्याहून जास्त जणांचा तो निगेटिव्हच असतो. उलट क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस आणि नुसते म्हातारपण यांतही तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त भरवशाची, पण तीही सूज पाहिल्याशिवाय वाचायची नसते. सर्वांत जास्त नुकसान एएसओ करते. ही तपासणी घशातल्या जंतुसंसर्गाची आठवण सांगते, संधिवात सांगत नाही. तरीही चाळिशीतल्या बाईचा एएसओ वाढलेला दिसला की दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू होते आणि वर्षभर चालते. ज्याला ते इंजेक्शन खरोखर हवे असते, म्हणजे घसा दुखल्यानंतर एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात दुखणे फिरणारे दहा-बारा वर्षांचे पोर, त्याच्या हृदयाला स्टेथोस्कोप लागत नाही. तपासणी तीच, पण वापर नको तिथे आणि हवा तिथे नाही.

दूर राहणाऱ्यांचा संधिवात बिघडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे पुडी. बिनलेबलाची भुकटी किंवा सुटी गोळी, ‘शुद्ध जडीबुटी, वातावर रामबाण’. तीन दिवसांत चालता येऊ लागले तर त्यात बहुधा स्टेरॉइड असते. देणाऱ्यावर चिडून उपयोग नाही. दुखणे थांबवणारी तेवढी एकच गोष्ट त्या गावात मिळत असते. दोन-तीन वर्षे पुडी खाल्ली की चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, काहींचा खुब्याचा सांधा मरतो. तोवर खरा रोग दुखण्याचा आवाज न करता हाडे कुरतडतच असतो. शहरात जाण्यापूर्वी रुग्ण पुडी लपवतो किंवा घाबरून एकदम बंद करतो. दोन्ही धोक्याचे. शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची क्षमता झोपी गेलेली असते, त्यामुळे पुडी अचानक थांबवली की उलट्या, गळून जाणे, रक्तदाब उतरणे इथपर्यंत मजल जाते. पुडी सोबत न्यायची, किती दिवसांपासून घेतो ते सांगायचे आणि डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची. हे सांगणारा माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवा. शहरात पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता पहिली फेरी. ती टळत नाही आणि टाळूही नये. सुजलेला सांधा बोटाखाली मऊ, भिजलेल्या स्पंजासारखा लागतो. हाड वाढलेला सांधा टणक लागतो. हा फरक मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही. पण ही फेरी वाया जाते ती ठरलेल्या एकाच कारणाने. तज्ज्ञ तपासतात, दहा तपासण्या लिहून देतात, रिपोर्ट दुसऱ्या संध्याकाळी मिळतात आणि रुग्ण रिपोर्ट न दाखवता गावी परततो. मग त्याच कामासाठी दुसरी फेरी. तालुक्यातच आठवडाभर आधी एवढे करून घेतले तर औषध पहिल्याच दिवशी सुरू होऊ शकते: हिमोग्राम, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज सांगणाऱ्या), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लघवीची साधी तपासणी, आरए फॅक्टर आणि जमल्यास अँटी-सीसीपी, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे, दोन्ही हातांचा आणि दोन्ही पावलांचा एक्स-रे. पावलांचा एक्स-रे लोक विसरतात, आणि हाडाची पहिली झीज पुष्कळदा तिथेच दिसते. सरकारी दवाखान्यांतून रक्त गोळा करून तपासून देणारी महालॅबची व्यवस्था राज्यात आहे. त्यामुळे यातल्या बऱ्याच तपासण्यांसाठी खिशाला हात घालावा लागू नये.

फाइलमध्ये आणखी दोन गोष्टी हव्यात: आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या औषधांची रिकामी पाकिटे, आणि एका कागदावर दुखणे कधी, कोणत्या सांध्यापासून सुरू झाले ते. बाई असेल तर मूल हवे आहे का, कधी हवे आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे. लग्न ठरलेल्या मुलीचा संधिवात सासरपासून लपवला जातो. मग लग्नानंतर गोळ्या बंद पडतात, किंवा चालू राहतात आणि दिवस राहतात. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे मुख्य औषध गर्भाला घातक आहे; मूल हवे असेल तर ते सुमारे तीन महिने आधी थांबवून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासॅलाझिन या दुसऱ्या औषधांवर यावे लागते. हे गणित कुणाशीच न बोलता जमत नाही.

मेथोट्रेक्सेटविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण दूरच्या रुग्णाचा सगळा प्रश्न या एका गोळीभोवती फिरतो. संधिवाताचे हे पहिले औषध, स्वस्त आणि जुने. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. सवयीने माणूस ते रोज घेतो, आणि रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. तोंड येते, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणे थांबवते, ताप चढतो. ही चूक अडाणीपणाने होते असे समजणे अन्यायाचे आहे. ती व्यवस्थेतून होते. चिठ्ठीवर लॅटिनमधली खूण असते, मेडिकलवाला सवयीने पाकिटावर ‘१-०-०’ लिहितो. दुष्परिणाम कमी करायला सोबत देतात ती फॉलिक अॅसिडची गोळीही लहान आणि पिवळी, मेथोट्रेक्सेटचीही बहुधा तशीच. सांगणाऱ्याने ‘पिवळी गोळी रोज’ म्हटले की कोणती ते संपले. तिसरा सापळा गोळीच्या ताकदीचा. बाजारात २.५, ५, ७.५, १० आणि १५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत. ज्याला २.५ च्या तीन घ्यायची सवय आहे त्याला दुकानात १० च्या मिळाल्या, आणि त्याने तीनच घेतल्या, तर ७.५ चे ३० मिलिग्रॅम झाले.

उपाय महागडा नाही. चिठ्ठीवर वार मराठीत लिहायचा: ‘फक्त मंगळवार’. मंगळवारी मेथोट्रेक्सेट आणि शुक्रवारी फॉलिक हे जिभेवर बसते. आठवडी बाजार असलेल्या गावात बाजाराचा वारच गोळीचा वार ठरवला तर आणखी बरे. तो कुणी विसरत नाही. संपूर्ण जिल्ह्यात एकच ताकद, २.५ मिलिग्रॅमची, ठेवायची. आणि गोळ्या मोजून द्यायच्या: आठवड्याला सहा, आठ आठवड्यांच्या अठ्ठेचाळीस, एकही जास्त नाही. पुढच्या अठ्ठेचाळीस हव्या असतील तर रक्ताचा रिपोर्ट दाखवायचा. एवढ्या एका नियमाने गोळ्या आणि तपासणी एकमेकांना बांधल्या जातात. रोज घेण्याची चूक झालीच तर अठ्ठेचाळीस गोळ्याही जीव घेऊ शकतात, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत दोन-दोन आठवड्यांच्याच द्याव्यात आणि प्रत्येक वेळी उरलेल्या मोजाव्यात. हे काम नर्स करू शकते. कदाचित घाईतल्या डॉक्टरपेक्षा जास्त चांगले.

तपासणीचे वेळापत्रक ठरलेले आहे. सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी हिमोग्राम, एसजीपीटी, क्रिएटिनिन. सगळे ठीक असेल तर त्यानंतर दर आठ ते बारा आठवड्यांनी. ‘गोळी थांबवा आणि फोन करा’ हे केव्हा, तेही आकड्यांत सांगता येते. ब्रिटनमधल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने दिलेल्या मर्यादा अशा: पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, प्लेटलेट १,४०,००० च्या खाली, एसजीपीटी १०० च्या वर, क्रिएटिनिन आधीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढलेले. आकडे नसतानाही थांबवायची कारणे आहेत: तोंडात फोड, ताप, सतत उलट्या-जुलाब, किंवा कोरडा खोकला आणि दम. आणि एक गोष्ट प्रत्येक तालुक्यातल्या डॉक्टरच्या टेबलावर चिकटवून ठेवावी. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला लघवीच्या जळजळीसाठी कोट्रायमॉक्साझोल हे जंतुनाशक द्यायचे नाही. दोन्ही औषधे शरीरातल्या फॉलेट या जीवनसत्त्वाच्या वाटेतच अडथळा आणतात, आणि एरवी चाललेली गोळी आठवड्याभरात विष होते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सौम्य आहे, पण त्याचाही हिशेब वजनाने करायचा: दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमहून जास्त नाही. ४० किलोच्या बाईला २०० ची एकच गोळी बसते. सर्रास दोन दिल्या जातात. डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. ती जिल्हा पातळीवर होते, त्यासाठी मोठ्या शहराची गरज नाही.

आजार आटोक्यात आहे की नाही हे कोण ठरवणार? इथेही ठरलेली रीत आहे. अठ्ठावीस सांधे दाबून पाहायचे: दोन खांदे, दोन कोपर, दोन मनगटे, बोटांच्या मुळाचे दहा, मधले दहा आणि दोन गुडघे. दुखणारे किती, सुजलेले किती. त्यात रुग्णाने स्वतःच्या त्रासाला दिलेले दहापैकी गुण आणि तपासणाऱ्याने दिलेले दहापैकी गुण मिळवायचे; त्रास जास्त तितके गुण जास्त. बेरीज १० पर्यंत असेल तर बरे चालले आहे, २२ च्या वर गेली तर तज्ज्ञाला कळवायचे. यात रक्ताची तपासणी लागतच नाही, आणि ग्रामीण भागात ते सोयीचे आहे. ईएसआर अॅनिमियात आपोआप वाढतो, आणि आपल्या ग्रामीण बायांना अॅनिमिया किती असतो हे सांगायला नको. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईचा ईएसआर पाहून औषध वाढवत राहणे ही नेहमीची चूक आहे. सांधे मोजायला शिकवता येते, एखाद्या नर्सला किंवा फिजिओथेरपिस्टला. सराव लागतो, दहा-वीस रुग्ण तज्ज्ञाबरोबर मोजावे लागतात, पण डीएम लागत नाही.

मग तज्ज्ञ कुठे बसणार? फोनच्या दुसऱ्या टोकाला. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी याची कायदेशीर वाट मोकळी केली आहे. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी केलेली दूरची भेट ‘फॉलो-अप’ धरली जाते, आणि डॉक्टरने डॉक्टरला विचारणेही त्यात बसते. ई-संजीवनी आहेच, उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो. ही सोय सर्दी-खोकल्यावर खर्च होते आणि संधिवातासारख्या आजाराला, जिथे खरे म्हणजे तीच हवी, तिथे वापरली जात नाही. का? कारण समोर विशेषज्ञ कोणत्या वारी असेल हे ठरलेले नसते. महिन्यातला एक ठरलेला वार, एक ठरलेला तज्ज्ञ, आणि तालुक्यातले दहा-पंधरा रुग्ण त्याच दिवशी रिपोर्टसह हजर, एवढे केले तरी चित्र बदलेल. रुग्णाच्या हाताचा फोटो उजेडात, काळ्या कापडावर, बोटे पसरून एक आणि मूठ वळून एक असा काढून ठेवला तर मागच्या महिन्याशी ताडून पाहता येतो. व्हिडिओवर सूज चाचपता येत नाही, हे खरे. म्हणूनच चाचपणारे हात रुग्णाच्या शेजारी हवेत आणि अर्थ लावणारे डोके पडद्यावर चालेल. रुग्णाला एकट्याला घरून व्हिडिओ कॉलवर सोडणे याला दूरवैद्यक म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: तालुक्याच्या डॉक्टरला मेथोट्रेक्सेट दिले तर तो गोंधळ घालेल. धोका खरा आहे. पण आज तो डॉक्टर त्याच रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी देतच आहे, कुणालाही न विचारता, कोणतेही रक्त न तपासता. तुलना त्याच्याशी करायला हवी. आणि लहान ठिकाणच्या डॉक्टरांना अवघड आजार शिकवता येतो याचा पुरावा आहे. न्यू मेक्सिको राज्यात संजीव अरोरा या यकृततज्ज्ञाकडे हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना महिनोन्महिने थांबावे लागत होते. त्यांनी २००३ मध्ये दूरच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवून खऱ्या रुग्णांवर चर्चा सुरू केली. ‘इको’ म्हणून ते प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या डॉक्टरांच्या रुग्णांचे बरे होण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या क्लिनिकइतकेच निघाले. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने मानसिक आरोग्यासाठी ही पद्धत वापरली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. तिथून दर आठवड्याला एक तास चार जिल्ह्यांच्या फिजिशियनना द्यायला इमारत बांधावी लागणार नाही. त्या तासाला कामाचा तास म्हणून मोजावे मात्र लागेल. आज तो कुणाच्याच कामाच्या हिशेबात धरलेला नाही, आणि फुकटचे काम दोन वर्षांहून जास्त चालत नाही.

पैशाच्या योजना आहेत, पण त्यांचा आकार या आजाराला जुळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते, पण तिची बांधणी रुग्ण दाखल होण्यावर आहे. संधिवाताचा रुग्ण चांगल्या उपचारात दाखल होतच नाही. त्याचा खर्च दर महिन्याच्या गोळ्या, तपासण्या आणि प्रवास असा बारीक बारीक गळत जातो. गुडघा खराब होऊन बदलायची वेळ आली की योजना मदतीला धावते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, पण कपाटात औषधच नसेल तर मोफतपणा मेडिकलच्या दारात संपतो. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात मधुमेह आणि रक्तदाब आहेत, म्हणून त्यांच्या गोळ्या उपकेंद्रापर्यंत पोहोचतात. संधिवात त्यात नाही. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. संधिवाताचे रुग्ण बहुतांशी बायका असल्याने त्याचा थेट उपयोग झाला. सोबत येणाऱ्या पुरुषाचे तिकीट पूर्णच राहिले.

ज्यांना साध्या गोळ्या पुरत नाहीत त्यांच्यासाठी जैविक औषधे, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली इंजेक्शने, आहेत. त्यांतल्या अडालिम्युमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१४ च्या अखेरीस आली तेव्हापासून किंमत उतरली, तरी महिन्याचा खर्च शेतमजुराच्या आवाक्याबाहेरच आहे. शिवाय ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. मे महिन्यात चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असताना बर्फाच्या पिशवीला इंजेक्शन चिकटवून नेले तर ते गोठून निकामी होते. मधे वर्तमानपत्राची घडी हवी. आणि ही औषधे देण्यापूर्वी क्षयरोग तपासलाच पाहिजे, छातीच्या एक्स-रेने आणि मँटू किंवा इग्रा चाचणीने. शरीरात झोपलेला क्षय ही औषधे जागा करतात. हे निर्णय मात्र तज्ज्ञाचेच राहायला हवेत, त्यात वाटणी नको.

काही वेळा वाट पाहायची नसते हेही सांगितले पाहिजे, नाहीतर ‘जवळच उपचार’ म्हणजे ‘घरीच थांबा’ असा अर्थ निघेल. एकच सांधा अचानक गरम, लाल आणि सोबत ताप: त्यात पू असू शकतो, त्याच दिवशी सुई घालून पाणी काढावे लागते, आणि हे जिल्हा रुग्णालयात होते. तरुण मुलीच्या गालांवर पुरळ, केस गळणे, तोंडात फोड आणि लघवीत प्रथिने: ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार, मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असू शकतो. लघवीत बुडवायची पट्टी फार स्वस्त असते, ती प्रत्येक आरोग्य केंद्रात हवी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर तज्ज्ञाची तारीख पुढच्या महिन्यात मागून चालत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाचा सांधा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला असेल तर त्यालाही रांग मोडूनच पाठवायचे. एरवी निवांत असणाऱ्या या आजारांत एवढे तीन दरवाजे कायम उघडे ठेवावे लागतात.

उरला औषधाचा साठा. एक लाख प्रौढ लोकवस्तीच्या तालुक्यात अर्धा टक्का म्हणजे ५०० रुग्ण धरले, त्यातल्या ३०० जणांना मेथोट्रेक्सेट लागते असे मानले आणि आठवड्याला १५ मिलिग्रॅम म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या धरल्या, तर एका रुग्णाला वर्षाला ३१२ आणि तालुक्याला ९३,६०० गोळ्या लागतील. सोबत ५ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिडच्या, आठवड्याला एक धरून, १५,६००. संधिवातासाठी या दोन ओळी तालुक्याच्या औषधभांडाराच्या वार्षिक मागणीपत्रकात हव्यात. येत्या वर्षाच्या मागणीपत्रकात त्या लिहायला कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही, वैद्यकीय अधीक्षकाची सही पुरते.